रेतीच्या ढिगावर खेळणारं लेकरू: कातडीतून काय आत जातं, काय नाही

नागपूरकडच्या कन्हान नदीकाठच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. प्रश्न त्यांच्याच शब्दांत देतो, कारण अर्धं निदान त्यातच आहे.

"डॉक्टर साहेब, आमच्या घरकुलाची पाच ब्रास रेती मे महिन्यात पडली, काम आता सुरू झालं. रेती लिंबाखाली आहे. माहा चार वर्षांचा पोरगा दिवसभर तिथंच रायते. आठ दिवसांपासून त्याच्या तळपायावर अन् कुल्ल्यावर लाल नागमोडी रेघ उठली, अन् ते रोज सरकून रायली. रातभर खाजवते. सासूबाई म्हणतेत नागीण होय. भासरे (थोरले दीर) म्हणतेत, रेती नदीची आहे, तिच्यात पावर हाऊसची राख आहे, ते विष कातडीतून अंगात जिरते. दिवाळीत गणपतीपुळ्याले जाणार आहो. तिथल्या रेतीत खेळू द्याव का नाही?"

ताई, रेघ रोज सरकते आहे हे तुम्ही नीट पाहिलंत. नागीण सरकत नाही. ती एका बाजूला पट्ट्यासारखी, पाण्याच्या फोडांचे घोस घेऊन उठते, आणि तळपाय व कुल्ला अशा दोन लांबच्या जागी एकाच वेळी सहसा येत नाही. तुमच्या मुलाच्या कातडीत कुत्र्याच्या किंवा मांजरीच्या जंताची अळी चालते आहे, असं मला जवळपास खात्रीने वाटतं. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय शंभर टक्के सांगणार नाही. पण घरी एक खूण करता येते. झोपताना रेघेच्या पुढच्या टोकाशी बॉलपेनने आडवी रेष ओढा. सकाळी रेघ त्या रेषेच्या पुढे गेलेली दिसली, तर दुसऱ्या आजाराचा विचार करायचं फारसं कारण उरत नाही. ही अळी दिवसाला काही मिलिमीटरपासून एक-दोन सेंटिमीटरपर्यंत सरकते.

ती आली कुठून, याचं उत्तर तुमच्या 'लिंबाखाली' या एका शब्दात आहे. पावसाळ्यात रेतीघाट बंद असतात, म्हणून आपल्याकडे लोक जूनच्या आधीच रेती टाकून ठेवतात. ती चार महिने पावसात भिजते आणि झाडाच्या सावलीत वाळत नाही. काम सुरू झालं की भिंतींवर मारलेलं पाणी पुन्हा तिच्यावरच येतं. वरून मऊ, थंड, उकरायला सोपी जागा म्हणून गावची कुत्री तिथेच बसतात आणि मांजरी तिथेच घाण करून झाकून टाकतात. त्या विष्ठेतल्या अंकुशकृमीच्या, म्हणजे हुकवर्मच्या अंड्यांतून ओलाव्यात एक-दोन दिवसांत अळ्या निघतात. पाच ते दहा दिवसांत त्या कातडीत शिरण्याच्या लायकीच्या होतात आणि ओल-सावली टिकली तर तीन-चार आठवडे वाट पाहत जगतात. लेकरू अनवाणी चाललं की तळपायातून शिरतात, बिनचड्डीचं बसलं की कुल्ल्यातून. तुमच्या मुलाच्या नेमक्या याच दोन जागा आहेत.

ही अळी माणसात वाट चुकलेली असते. कुत्र्याच्या अंगात ती कातडी पार करून रक्तात जाते, तिथून आतड्यात पोचते. माणसाच्या कातडीचा खालचा पडदा फोडण्याची रसायनं तिच्याकडे नसतात. म्हणून ती वरच्या थरात बिळं करत फिरते आणि काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी, आपोआप मरते. जीव घेणारा हा आजार नाही. पण रात्रभर खाज सोसणाऱ्या चार वर्षांच्या पोराला हे सांगून उपयोग नाही, म्हणून उपचार करायचेच.

उपचार सोपे आहेत, पण मेडिकलमधून स्वतः आणून देऊ नका. आयव्हरमेक्टिन किलोमागे २०० मायक्रोग्रॅम या हिशेबाने बहुतेकदा एकदाच देतात, मात्र १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलाला ते देत नाहीत. चार वर्षांचं आपल्याकडचं मूल बरोबर त्याच काठावर असतं, म्हणून वजन काट्यावर करूनच ठरवायचं. दुसरा मार्ग अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, सलग तीन दिवस. इथे एक गोंधळ नेहमी होतो. "साहेब, अंगणवाडीत जंताची गोळी दिली होती की!" ती गोळी हीच, पण सरकारी जंतनाशक दिनाच्या मोहिमेत एकच गोळी देतात. आतड्यातल्या जंतासाठी ती ठीक आहे. कातडीतल्या अळीला एका गोळीचा भरवसा धरता येत नाही.

आता काय करू नये ते. एका आजीने नातवाच्या पायावरच्या अशाच रेघेला नागीण समजून बिब्बा लावला होता. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक असतं. आजीचा हिशेब असा, की भाजलं म्हणजे आतलं मेलं. पोरगं माझ्याकडे आलं तेव्हा तळपायाला लिंबाएवढा फोड होता, आणि रेघ त्या फोडाला वळसा घालून घोट्याकडे निघाली होती. गोम अशी आहे की अळी दिसणाऱ्या रेघेच्या टोकाशी नसतेच. ती एक-दोन सेंटिमीटर पुढे निघून गेलेली असते, रेघ म्हणजे तिच्या मागे उठलेली सूज. म्हणून बिब्बा, रॉकेल, गरम उलथनं, बर्फ, सगळं रिकाम्या बिळावर जातं. त्या आजीबाईंवर मी चिडलो नाही. नागासारखी दिसणारी रेघ पाहून नागीण म्हणणं यात त्यांची काही चूक नव्हती. चिडायचंच असेल तर 'खाज, खरूज, गजकर्ण सगळ्यावर एकच' म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्यूबवर चिडावं. त्यात तीव्र स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवस दबते, आईला बरं वाटतं, अळी चालत राहते आणि कातडी पातळ होते.

नखं आजच कापा. खाजवून जखम झाली, पिवळ्या खपल्या धरल्या, पू आला किंवा ताप आला तर थांबू नका. पुवाच्या जखमांनंतर तीनेक आठवड्यांनी काही मुलांच्या किडनीला सूज येते. सकाळी डोळे सुजलेले आणि लघवी काळ्या चहासारखी दिसली, तर तो मलमाचा नाही, ग्रामीण रुग्णालयाचा विषय असतो.

याच जातीचा माणसाचा अंकुशकृमी वेगळा आणि तो खरा घातक. गावालगतच्या नाल्याच्या, नदीच्या रेतीत लोक उघड्यावर बसतात, तिथे तोही कातडीतूनच शिरतो. बोटांच्या बेचक्यात दोन-चार दिवस खाज येते आणि ती आपण विसरतो. पण हा वाट चुकत नाही. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, गिळला जाऊन आतड्यात पोचतो आणि तिथे चिकटून रक्त पितो. त्यातली एक जात दिवसाला जंतामागे सुमारे ०.२ मिलिलिटर पिते. ऐकायला थेंबभर वाटतं, पण शंभर जंत असले तर दिवसाला २० मिलिलिटर झालं. पोर पांढरं पडतं, दमतं आणि माती-रेती खायला लागतं. म्हणून जे लेकरू रेती नुसती खेळत नाही तर खाते, त्याला रागावण्याआधी त्याचं हिमोग्लोबिन तपासा. आणि विदर्भात आहोत, तर त्याच वेळी सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचीही तपासणी करून घ्या. जंताच्या गोळ्या आणि लोहाचं औषध महिनोन्महिने चाललं, आणि मूळ आजार सिकलसेल निघाला, अशी लेकरं मी पाहिली आहेत.

आता भासऱ्यांचा मुद्दा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोराडी, खापरखेडा, मौदा ही वीजकेंद्रं त्याच खोऱ्यात आहेत. २०२२ च्या जुलैत कोराडीच्या खसाळा इथल्या राखेच्या बांधाला भगदाड पडलं आणि राखेचा गाळ नाल्यांतून कन्हानकडे गेला, हे सगळ्यांनी पाहिलं. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसं, क्रोमियम थोड्याफार प्रमाणात असतंच. पण 'कातडीतून जिरते' हा जो भाग आहे, तिथे हिशेब करून पाहावा लागतो.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने असा हिशेब करायला २००४ मध्ये काही आकडे ठरवून दिले होते. अर्ध्या चड्डीत खेळणाऱ्या सहा वर्षांखालच्या मुलाचं उघडं अंग साधारण २८०० चौरस सेंटिमीटर. त्यावर चौरस सेंटिमीटरला ०.२ मिलिग्रॅम माती चिकटते असं धरलं तर झाली ५६० मिलिग्रॅम. मातीतल्या आर्सेनिकचा कातडीतून आत जाणारा वाटा ते १०० मागे ३ धरतात. म्हणजे सुमारे १७ मिलिग्रॅम मातीत जेवढं आर्सेनिक असेल तेवढंच कातडीवाटे आत जाणार. तेच मूल हात तोंडात घालून दिवसाला २०० मिलिग्रॅम माती गिळतं, असं त्याच हिशेबात धरलं आहे. तोंडाचा रस्ता कातडीपेक्षा बारा पट मोठा झाला. कॅडमियमचा कातडीतला वाटा तर हजारात एक. रेतीतलं शिसं कातडीतून जवळजवळ जातच नाही. पोटात गेलेलं शिसं मात्र मोठ्या माणसात दहावा हिस्सा शोषलं जातं, आणि लहान मुलात निम्म्यापर्यंत. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. जंताने पांढरं पडलेलं लेकरू आणि राखेची रेती हे दोन प्रश्न इथे येऊन एकमेकांना भिडतात.

हिशेबात एक पळवाट आहे, ती लपवत नाही. ओली माती चिकटते भरपूर. ओल्यात खेळणाऱ्या मुलांमध्ये वरच्या टोकाचा आकडा चौरस सेंटिमीटरला ३.३ मिलिग्रॅम आहे, चिखलात लोळणाऱ्यांमध्ये सरासरीच २१ च्या आसपास. मग कातडीचा वाटा तोंडाच्या वर जाईल की काय? कागदावर जातो. प्रत्यक्षात कातडीला टेकलेला पहिला पातळ थरच आपलं काही आत देतो. त्यावर चढलेलं लिंपण नुसतं ओझं असतं. तरी एवढं खरं, की कोरडी जाड रेती झटकली की पडते आणि ओली बारीक भुकटी बसून राहते. राख हीच ती बारीक भुकटी. म्हणून रेतीत राख आहे का हे पाहणं रास्त आहे, आणि ते तुमचा मिस्त्री करू शकतो. रेतीत माती किती हे पाहायला तो बाटलीत रेती-पाणी घालून हलवतो, तेच. रेती मिनिटभरात तळाला बसते. वर राहिलेला गाळ तांबूस-पिवळा असेल तर ती माती. करडा, पिठासारखा असेल आणि पाण्यावर करडी साय तरंगत असेल, तर राखेचा संशय घ्यायला जागा आहे. राखेतले काही कण आतून पोकळ असतात, ते तरंगतात.

कातडीतून खरोखर जास्त जातात ते तेल-डांबराचे पदार्थ. कोळसा, डांबर, जळकं ऑइल यांत असणाऱ्या बेंझोपायरीनच्या कुळातल्या रसायनांचा वाटा १०० मागे १३ धरतात, आर्सेनिकच्या चौपटीहून जास्त. टिप्परचं ऑइल सांडलं, मिक्सरच्या मशीनचं डिझेल गळलं, सेंट्रिंगच्या पाट्यांना जळकं ऑइल फासलं आणि ते रेतीवर ठिबकलं, तर तो काळा भाग फावड्याने काढून लांब टाका. भासऱ्यांना हे आवर्जून सांगा. नदीच्या वरच्या अंगाची राख त्यांना दिसते, अंगणातलं ऑइल दिसत नाही.

आणि सिमेंट. ओलं सिमेंट इतकं अल्कधर्मी असतं की कातडी भाजते, आणि भाजताना लगेच दुखत नाही. पोर ओल्या मालात गुडघे टेकून 'भिंत बांधतं' आणि संध्याकाळी गुडघ्यांची साल निघते. असं झालं तर कपडे काढून वाहत्या पाण्याखाली वीसेक मिनिटं धुवा. हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

गणपतीपुळ्याला खुशाल जा. समुद्राच्या रेतीवर बरंच काम झालं आहे. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटल्यावर तिथल्या संशोधकांनी फ्लोरिडा आणि टेक्सासच्या किनाऱ्यांवर खेळणाऱ्या मुलांचे व्हिडिओ काढले. मूल किती वेळा हात तोंडात घालतं, कुठे किती रेती चिकटते, हे त्यांनी मोजलं. कारण प्रश्न तोच होता, तुमच्या भासऱ्यांचा: रेतीतलं तेल पोराच्या अंगात किती जातं? त्याआधी, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सात किनाऱ्यांवरच्या सत्तावीस हजारांहून जास्त लोकांना किनाऱ्यावर काय केलं आणि नंतर काय आजार झाला ते विचारलं होतं. रेती उकरणाऱ्यांमध्ये पोटाचे विकार न उकरणाऱ्यांपेक्षा साधारण १३ टक्क्यांनी जास्त निघाले, अंग रेतीत पुरून घेणाऱ्यांमध्ये २३ टक्क्यांनी. कातडीच्या आजारांचा मात्र रेतीशी असा पक्का संबंध दिसला नाही. तिथेही भानगड पोटाचीच निघाली, म्हणजे हाताची आणि तोंडाची.

म्हणून तिथे पोराला भरती-ओहोटीने रोज धुतल्या जाणाऱ्या ओल्या पट्ट्यात खेळू द्या. वर नारळीच्या सावलीतली, कुत्री बसतात ती मऊ रेती टाळा. ओल चांगली की वाईट, असा प्रश्न तुम्हाला पडेल. तुमच्या अंगणातली ओल साचलेली आहे, तिथली खाऱ्या पाण्याची आणि दिवसातून दोनदा बदलणारी आहे. पोराला गळ्यापर्यंत पुरून फोटो काढू नका. किनाऱ्याला येऊन मिळणारा नाला असेल तर त्याच्या तोंडाशी बसू नका. पावसाळ्याच्या आगेमागे कोकणच्या किनाऱ्यावर डांबराच्या मऊ काळ्या गोळ्या वाहून येतात. पायाला लागली तर रॉकेलने पुसू नका, खोबरेल चोळून कापडाने काढा आणि साबणाने धुवा. भेळ हातात देण्याआधी बाटलीतल्या पाण्याने हात धुवायचे. तेवढं केलं की समुद्र त्याला मनसोक्त पाहू द्या.

परत आल्यावर ढिगाचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मुख्य काम तेच आहे. ढीग लिंबाखालून उन्हात काढा. पाच ब्रास हलवणं म्हणजे मजुरी आहे, मला कळतं. निदान मुलाच्या खेळाची चार घमेली चाळून, ऊन लागेल अशा जागी पसरून ठेवा आणि ढिगावर ताडपत्री टाका. अळी कोरडेपणाने मरते. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात तर वरच्या थरात ती टिकतच नाही, म्हणूनच या रेघा माझ्याकडे पावसाळ्यानंतर जास्त येतात. दिवाळीचं ऊन तेवढं कडक नसतं, तेव्हा आठवडाभर रोज खाली-वर करा. चुना, फिनाईल, ब्लीचिंग पावडर टाकू नका, अळी मरण्याआधी पोराची कातडी सोलेल. घरचं कुत्रं असेल तर त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यातून जंताचं औषध द्या. गावच्या कुत्र्यांचं तुमच्या एकट्याच्या हातात नाही, तो ग्रामपंचायतीच्या बैठकीत काढायचा विषय आहे. पोराला चप्पल टिकत नसेल तर निदान चड्डी घाला. ढिगात हात घालण्याआधी काठीने उकरायची सवय लावा, आपल्याकडे रेतीत विंचू असतो. आणि मोठ्या पोरांना ढिगात भुयार करू देऊ नका, वरून रेती बसली की आवाजही बाहेर येत नाही.

इतक्या वर्षांत रेतीतल्या विषाने दगावलेलं लेकरू माझ्यासमोर आलेलं नाही. नदीपात्रात रेती उपसून झालेल्या खड्ड्यात बुडालेली लेकरं आली आहेत, एकाच घरची दोन भावंडंसुद्धा. वरून पाणी गुडघाभर दिसतं, पुढच्या पावलाला पुरुषभर असतं. तुमचं गाव नदीकाठचं आहे, पोरगा आज चार वर्षांचा आहे, दोन-तीन वर्षांत मित्रांबरोबर पात्रात जाईल. भासऱ्यांना त्या नदीची काळजी आहेच, तर यंदा कुठे कुठे उपसा झाला ते त्यांनी उन्हाळ्यात फिरून पाहून ठेवावं आणि पोरांना त्या जागा दाखवाव्यात.

पेनची रेष आज रात्रीच ओढा. उद्या दवाखान्यात जाताना ती पुसू नका, डॉक्टरांना दाखवा.